हवेतली कवळी

मास्तरांची बत्तिशी मेणात बसून दीड महिना होऊन गेला होता आणि कवळीकाराच्या उजव्या हाताची तीन बोटं तिला पुढे सरकू देत नव्हती. खिडकीजवळच्या फळीवर ती ओल्या फडक्याखाली झाकलेली असे. दिवसातून चारदा तो फडकं उचलून बघे, पुन्हा झाके, आणि झाकता झाकता त्याची तर्जनी अंगठ्यावर घासू लागे. एकदा घासायला लागली की थांबायचं नाव नाही. मग मधलं बोट, मग टेबलाची कड, मग पॅंटचं जाडंभरडं कापड. शेवटी कातडी चिरून लाल रेघ उमटली की खाजेची जागा आग घेई आणि त्याला घटकाभर बरं वाटे. घटकाभरच.

दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे ठसे पाठवत आणि तो त्यांवरून कवळ्या करून देई. अठरा वर्षं हाच धंदा. इमारतीतली माणसं त्याला ‘बत्तिशीवाले’ म्हणत. आलेली कामं तो हल्ली दातओठ खाऊन रेटत होता. मास्तरांचं काम तसं रेटून चालणार नव्हतं. हा धंदा त्याला मास्तरांनी शिकवला होता. त्यांची जुनी कवळी हातातून निसटून फरशीवर दुभंगली, तेव्हा ते म्हणाले होते, “दुसऱ्या कुणाचे दात मी तोंडात घेणार नाही. तू करशील तेव्हा कर.” तेव्हापासून म्हातारा मऊ भातावर आणि दुधात भिजवलेल्या पावावर दिवस काढत होता, आणि दर आठवड्याला फोन करून बोळक्या तोंडाने विचारत होता, “काय रे, माझे दात पायी पायी निघालेत का?”

“येतायत मास्तर, वाटेत आहेत,” असं तो म्हणे आणि फोन डाव्या हातात घेऊन उजवा हात पाठीमागे लपवी. जणू मास्तरांना फोनमधून दिसणार होतं.

उपाय करून झाले होते. आधी साबणावर आळ आला, साबण बदलला. मग कपड्यांच्या पावडरीवर आला, बायकोने तीही बदलली आणि वर ऐकवलं, “कपडे मी धुते आणि पुरळ तुम्हाला. भलतीच नाजूक पावडर आहे, माणूस बघून चावते.” मग प्लास्टर. ठसे ओतताना हात प्लास्टरने माखतात, तेव्हा गुन्हेगार तेच असणार, असं ठरवून त्याने रबरी हातमोजे आणले. खाज तसूभरही हटली नाही. मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक मलम दिलं. त्याने चार दिवसांत बोटं निवळली, पाचव्या दिवशी पुन्हा फुलली, आणि मग त्या मलमाच्या नळ्यांवर नळ्या संपू लागल्या.

“आता पुरे,” एका सकाळी बायको म्हणाली. ती एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची आणि कुठलीही गोष्ट नोंदवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. “मी वेळ घेतलीय. चला.”

“कामं पडलीयत.”

“हातच गेले तर कामं काय पायाने करणार?”

त्वचेच्या डॉक्टर पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग धरलं आणि तिन्ही बोटांची टोकं उलटसुलट करून पाहिली. भेगा, सुकून चकचकीत झालेली कातडी, अंगठ्याच्या आतल्या बाजूला खपल्या. डाव्या हाताची दोन बोटं किंचित लाल. मनगटाच्या वर काही नाही.

“डोळे मिटा. बोटाला काय लागतंय?”

“कापूस.”

“आणि आता?”

“पुन्हा कापूसच,” तो अंदाजाने म्हणाला.

“आता दातांचा ब्रश होता,” डॉक्टर म्हणाल्या. “हा बधिरपणा कधीपासून?”

“दोनेक महिने.”

बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. “बधिरपणा? हे मला नाही सांगितलंत.”

“सांगण्यासारखं काय त्यात.”

तिने वही उघडली होती, ती तशीच मांडीवर राहिली. मग तिने घसा खाकरला आणि वाचून दाखवलं: कोणत्या दिवशी बोटं चिघळली, कोणत्या दिवशी बरी होती. वहीतली एक ओळ डॉक्टरांनी दोनदा वाचायला लावली. नणंदेकडे आठ दिवस राहिलो, बोटं जवळजवळ कोरी झाली. परत येऊन काम सुरू केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

“ही ओळ माझ्या भिंगापेक्षा जास्त सांगते,” डॉक्टर म्हणाल्या. “कामावरच्या कशाचा तरी स्पर्श होतोय आणि कातडी त्याच्यावर चिडतेय. स्पर्श आज होतो, चिडते उद्या-परवा. म्हणून माणूस भलत्यावरच संशय घेतो. आता मला सांगा, दिवसभरात हाताला काय काय लागतं?”

त्याने यादी दिली. प्लास्टर, मेण, घासकामाची भुकटी, साबण, रबरी मोजे, तारा, दातांच्या हिरड्यांसाठीची गुलाबी पावडर.

“पावडर कशात कालवता?”

“लिक्विडमध्ये. ते काचेच्या वाटीत असतं. पण त्याला हात नाही लावत आम्ही. ब्रशनेच लावायचं असतं.”

“नक्की?”

“अठरा वर्षं करतोय डॉक्टर.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. औषधवाल्याचं मलम त्यांनी टेबलावरच ठेवून घेतलं. “हे खाज झाकतं, आणि झाकलेलं कारण सापडत नाही. तूर्त साधी व्हॅसलिन लावा, साबण कमी. आपण पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करू. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, आणि खाजवायचं तर मुळीच नाही.”

त्या दिवसापासून त्याच्या पाठीवर लहान लहान गोल खोबणींच्या चिकटपट्ट्या बसल्या. एकेका खोबणीत एकेक संशयित, आणि शेजारी त्याच्याच हातमोज्याचा आणि साबणाचा नमुना. दोन दिवस तो घरात पिंजऱ्यातल्या जनावरासारखा फिरला. बसावं तर पाठ टेकवता येईना, झोपावं तर पालथं झोपावं लागे. स्वयंपाकघराच्या दारापाशी आला की चौकटीची कड त्याला हाका मारी.

“म्हशीसारखी पाठ घासायची नाही हं,” बायको ओट्यावरून न वळताच म्हणाली.

“मी फक्त उभा आहे.”

“तुमचं उभं राहणं मला ठाऊक आहे.”

तो बाहेर जाऊन जिना उतरला, पुन्हा चढला, घाम येईल म्हणून मधेच थांबला. जिन्यातल्या शेजाऱ्याने विचारलं, “काय बत्तिशीवाले, कसला विचार?” तेव्हा हसायचं म्हणून तो हसला. विचार एकच होता. बोटांना ब्रश आणि कापूस यांतला फरक कळत नसेल, तर दाताचं मूळ आणि हिरडी यांच्यामधली केसाएवढी कड कशी कळणार? आणि ती नाही कळली तर आपल्यात आणि पत्र्याचे डबे ठोकणाऱ्यात फरक काय? दुसरं काम त्याला येत नव्हतं. शिकायचं वयही राहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा जिना चढताना त्याच्या लक्षात आलं, आपला अंगठा खिशाच्या शिवणीवर घासतोय.

पट्ट्या निघाल्या. अठ्ठेचाळीस तासांचा निकाल कोरा. आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं, तोही कोरा. चिकटपट्टीचा ओरखडा सोडला तर पाठ कोऱ्या पाटीसारखी.

“म्हणजे काहीच नाही?” त्याचा आवाज चढला. “मग हे काय आहे? हे मी मनाने उगवलं काय?” त्याने तिन्ही बोटं डॉक्टरांच्या नाकासमोर धरली. बायकोने त्याची बाही ओढली. त्याने ती झटकली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. “पाठ खोटं बोलत नाही आणि बोटंही नाहीत. मी चुकीच्या गोष्टी विचारल्या असतील.” त्यांनी टेबलावरचे कागद, पेला, कॅलेंडर सगळं बाजूला सारलं. “हे तुमचं टेबल समजा. मला कवळी करून दाखवा.”

“इथे? कशाने?”

“हवेने. काही सांगू नका, नुसती करा.”

त्याला ते पोरकट वाटलं. पण हात रिकामे बसायला कंटाळलेलेच होते. त्याने समोर हवेत मेणात दात बसवलेला प्लास्टरचा साचा ठेवला. वितळवलेलं मेण पाण्याने धुऊन काढलं. पावडर घेतली, वाटीत लिक्विड ओतलं, कालवलं, झाकण ठेवून लगदा फुगेस्तोवर थांबला. थांबतानाही तो खरोखरच थांबला. मग लगदा हातात मळला आणि साच्यातल्या दातांवर दाबला. आणि मग त्याने उजव्या हाताचा नसलेला मोजा दातांत धरून ओढून काढला, तर्जनी डावीकडच्या नसलेल्या वाटीत बुडवली आणि दातांच्या मुळांवरून, एकामागून एक, हलकेच फिरवली. पुन्हा बुडवली. पुन्हा फिरवली. अंगठ्यावर पुसली.

“थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. “आत्ता काय केलंत?”

“कुठे काय? कड साफ केली.”

“पुन्हा करा. सावकाश.”

त्याने पुन्हा केलं. बोट वाटीकडे निघालं आणि अर्ध्या वाटेत थिजलं. तो स्वतःच्या बोटाकडे असा पाहत राहिला, जणू ते दुसऱ्याच्या घरातून चोरून बाहेर पडताना सापडलं होतं.

“लिक्विडला हात लावत नाही म्हणालात.”

“लावत नाहीच,” तो पुटपुटला. मग म्हणाला, “म्हणजे... शेवटचा हात असतो तो. मोज्याची सुरकुती उमटते, म्हणून मोजा काढायचा. बोट भिजवलं की लगदा चिकटत नाही. ते... ते लावणं नव्हे. ते करणं आहे.”

“दिवसातून किती वेळा?”

बायकोने त्याच्या वतीने हिशेब केला. एका कवळीला वीस-पंचवीस वेळा, दिवसाला तीन कवळ्या, शिवाय दुरुस्त्या. अठरा वर्षं. तिने वही मिटली. आकडा तिने सांगितला नाही.

“चूक माझीही आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मी तुमची यादी ऐकली. पहिल्याच दिवशी हात बघायला हवे होते. तुमच्या धंद्यातल्या रसायनांचे तपासणीसाठीचे नमुने वेगळे मिळतात, बेतशीर पातळ केलेले. बाटलीतलं लिक्विड तसंच लावलं तर कुणाचीही पाठ भाजेल. मी मागवते.”

दुसऱ्या वेळी चौकटीने हाका मारायची वाट पाहावी लागली नाही. पट्ट्या लागल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या खांद्याच्या पात्याखाली एका बिंदूत निखारा पेटला. तो खुर्चीत उलटा बसला, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरून. बायको शाळेत गेली होती. त्याने गाण्याच्या ओळी म्हटल्या, वरच्या जबड्याचे दात एकेक करून आठवले, मग खालच्या. खाज जिंकत होती. तरीही त्याला एक विचित्र समाधान होतं. इतके दिवस अंगात लपलेला शत्रू आता निदान एका जागी उभा होता.

पट्ट्या काढल्या तेव्हा त्या जागी लाल, फुगलेला ठिपका होता, वर मोहरीएवढे फोड. दोन दिवसांनी तो आणखी पसरला. डॉक्टरांनी आरसा धरून त्याला दाखवला.

“हेच,” त्या म्हणाल्या. “तुमचं लिक्विड.”

“पण अठरा वर्षं काही झालं नाही!”

“अंग बरीच वर्षं सोसतं. मग एक दिवस ते त्या वस्तूला ओळखायला शिकतं. एकदा ओळखलं की विसरत नाही.”

“आणि मोजे?”

“साध्या मोज्यांतून हे लिक्विड काही मिनिटांत आत झिरपतं. त्याच्यासाठी वेगळे, थरांचे मोजे मिळतात, पण मोज्यांवर विसंबू नका. थेंब सोडणारी बाटली वापरा. प्लास्टिकच्या पातळ कागदाआडून दाबा. कड हत्याराने काढा. मी जोरकस मलम देतेय, दोन आठवडे, रोज एकदा, पातळ थर. मग कमी करू. वरून व्हॅसलिन. भेगा भरतील. बधिरपणाला महिने लागतील, आणि तो सगळा जाईल असं वचन मी देत नाही. तीन आठवडे लिक्विडच्या खोलीत पाय ठेवायचा नाही.”

त्याने विचारायचं तेच विचारलं. “धंदा सोडावा लागेल?”

“धंदा सोडा असं मी म्हणत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “बोट सोडा.”

पायऱ्या उतरताना बायको म्हणाली, “ऐकलंत ना? जमेल?”

“बोट सोडायचं म्हणजे काय, तुला नाही कळायचं,” तो म्हणाला.

मास्तरांना हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आणखी तीन आठवडे मऊ भात खा, हे तोंडावर सांगायला हवं होतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. शेवटचा हात बोटानेच द्यायचा, हे मास्तरांनी शिकवलं होतं. ब्रश धरला की ते मनगटावर पट्टी मारत. “ब्रशने भिंती रंगवतात. दात बोटाने बसतात.” त्या एका हातासाठी गावोगावचे दातांचे डॉक्टर मास्तरांकडे काम पाठवत. शिष्याचं नावही त्याच हातावर चाललं होतं.

मास्तर खिडकीशी बसले होते. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाच्या भेटीला आलेली. “आणलेस?” त्यांनी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहत विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. पाठीवरचा ठिपका, हवेतली कवळी, वाटीत बुडणारं बोट. सांगताना त्याची नजर सारखी दारापाशी जात होती. म्हाताऱ्याच्या पुढ्यात चहाचा कप होता; त्यातून वाफ निघत होती. त्यांनी तो कप कानाला न धरता, बोटांच्या टोकांनी अंगच धरून उचलला आणि तसाच धरून ठेवला.

“मास्तर, भाजेल.”

“मला?” मास्तर म्हणाले. “मला काय भाजतंय.” त्यांनी कप ठेवला आणि हात उलटा करून गुडघ्यावर ठेवला. बोटांची टोकं गुळगुळीत, कडक, शिंपल्याच्या पाठीसारखी. “मी टेबल का सोडलं, तुला काय सांगितलं होतं?”

“डोळे गेले म्हणून.”

“डोळे! या खिडकीतून मी समोरच्या घड्याळातला काटा बघतो.” ते खालच्या ओठावर जीभ फिरवत राहिले. “पाच वर्षं खाजवली बोटं. मग काही कळेनासं झालं. मला वाटलं, माझ्याच हातात खोट आहे. शिकवणाऱ्याने ते सांगायचं असतं का? मी डोळ्यांवर ढकललं. आणि तुला मात्र पट्ट्या मारून मारून शिकवलं.”

कवळीकाराला येताना राग आला होता. जिन्यात त्याने दोन वाक्यं जुळवूनही ठेवली होती. ती आता सापडेनात. “खोट हातात नव्हती मास्तर,” तो म्हणाला. “वाटीत होती.”

“मग फेकून दे ती वाटी.” मास्तर अचानक वैतागले. “चमच्याने लाव, उलथन्याने लाव, नाकाने लाव. पण दात दे मला. भात खाऊन खाऊन जिभेला झोप लागलीय.”

तीन आठवडे त्याने मलम लावलं, व्हॅसलिन लावली आणि बाहेरच्या खोलीत बसून हत्यारांची टोकं घासून बारीक केली. बोटांना काम नव्हतं, म्हणून ती टेबलावर ताल धरत. बायको वाचता वाचता पुस्तक त्यावर ठेवी. भेगा भरल्या. कातडी नवी, पातळ, लहान मुलासारखी गुलाबी आली. वाटी बायकोने फळीवरून काढून नेली. कुठे ठेवली ते सांगितलं नाही. तिच्या जागी चिमटीत दाबली की थेंब सोडणारी बाटली आली.

बाविसाव्या दिवशी त्याने खिडक्या उघडल्या, थरांचे नवे मोजे चढवले आणि फडक्याखालून मास्तरांची बत्तिशी काढली. तिच्यावर प्लास्टरचा साचा ओतला, मेण वितळवून काढलं. लगदा फुगला. प्लास्टिकच्या कागदाआडून त्याने तो दाबला. सगळं ठीक चाललं होतं, आणि कड साफ करायची वेळ आली. त्याचा उजवा हात तोंडाकडे गेला. मोज्याची कड दातांत आली. जिभेवर प्लास्टिकची चव लागली तेव्हा तो भानावर आला. मोजा सोडला. पुढच्या क्षणी तर्जनी डावीकडे गेली आणि जिथे वाटी असायची तिथे लाकडावर टक्‌ करून आपटली. असं दिवसभरात अकरा वेळा झालं. जित्याची खोड. प्रत्येक वेळी तो हात मागे घेई, हत्यार उचली, आणि आंधळ्याने काठीने रस्ता शोधावा तसा दाताच्या मुळाशी कड शोधी. मास्तरांकडे शिकताना ब्रश धरल्यावर लागायची ती पट्टी त्याला पुन्हा पुन्हा आठवत होती. यावेळी तो ब्रशच्या बाजूने उभा होता.

दोन दिवसांनी तो कवळी घेऊन गेला. मास्तरांनी ती हातात घेतली नाही. हातांना काय कळणार होतं. थेट तोंडात घातली, जबडा दोनदा मिटून पाहिला, आणि मग त्यांची जीभ आतून फिरू लागली, एका दातामागून एक, शिष्याची वही तपासावी तशी. कवळीकार उभाच होता. त्याला बसवत नव्हतं.

जीभ थांबली. “उजवीकडे, दाढेपाशी. कड राहिलीय.”

“राहिलीय.”

“बोटाने केली असतीस तर राहिली नसती.”

“नसती.”

मास्तर त्याच्या हाताकडे पाहत होते. नव्या गुलाबी कातडीच्या टोकांकडे. गाल भरले होते, त्यामुळे चेहरा दहा वर्षांनी लहान आणि अधिक करारी दिसत होता.

“आणा इकडे,” तो हात पुढे करून म्हणाला. “घासून आणतो. तासाभरात येतो.”

“हात मागे घे,” मास्तर म्हणाले. त्यांचा उच्चार अजून दातांत अडखळत होता. त्यांनी ताटलीतल्या पावाची भाजलेली, कडक कड मोडली आणि तोंडाजवळ नेली. “घासायचं ते तासाभराने. आधी मला खाऊ दे.”